गोल्फचा ड्रायव्हर देण्याआधी फेसवरचा डाग बघा

डिसेंबरातली सकाळ होती. पुण्याहून आलेले एक काका गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, उभे होते, वय सत्तरीच्या आसपास. त्यांना नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घ्यायचा होता. दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टच्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे गोल्फच्या सामानाच्या दुकानात, लागून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि कंपन्यांचे कॅटलॉग तोंडपाठ होते. दुकानात सगळ्यांत नवा आलेला, ९ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे फेसचा, चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन), कडक शाफ्टचा, म्हणजे दांडीचा, ड्रायव्हर मी त्यांच्या हातात दिला. बारा चेंडू मारले त्यांनी. एकही धड वर चढला नाही. सगळे छातीएवढ्या उंचीने गेले आणि उजवीकडे वळून झुडपांत पडले. काकांनी ड्रायव्हर रुमालाने पुसून परत दिला आणि शांतपणे विचारलं, "बाळ, माझा स्विंग न बघताच दिलास ना हा?"

मी खरं ते सांगितलं. पेडण्याहून, सावंतवाडीहून या कामात येऊ पाहणारी मुलं आता मला विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांना मी हाच प्रसंग सांगतो.

नवं तंत्रज्ञान शिकायलाच हवं, पण कशासाठी ते आधी समजून घ्या. ड्रायव्हरला 'वुड' म्हणतात कारण पूर्वी हेड, म्हणजे दांडीच्या टोकाचं डोकं, खरोखरच लाकडाचं असे. १९७९ साली टेलरमेडने स्टीलचं हेड बाजारात आणलं, नव्वदच्या दशकात टायटॅनियम आलं आणि २०२२ साली त्याच कंपनीने कार्बनचा फेस आणला. दरम्यान नियमही कडक झाले. हेड ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही आणि फेसच्या उसळीलाही मर्यादा आहे. चांगले ड्रायव्हर त्या मर्यादेला कधीच टेकलेत. त्यामुळे बरोबर मध्यावर बसलेला चेंडू नव्या ड्रायव्हरने फार लांब जाईल असं गिऱ्हाइकाला सांगू नका. खरी सुधारणा झाली आहे ती मध्य चुकलेल्या फटक्यांत. वजन हेडच्या कडांकडे आणि मागे नेलं की चेंडू टोकाला बसला तरी हेड कमी पिळवटतं. हेड पिळवटायला किती विरोध करतं याचं माप म्हणजे एमओआय. उभ्या अक्षाभोवती त्याची मर्यादा ५९०० आहे. २०२४ साली पिंग कंपनीचा '१०के' ड्रायव्हर आला तेव्हा पाहुणे विचारायचे, मग हा दहा हजाराचा आकडा कुठला? तो दोन अक्षांची बेरीज करून आलेला आहे. एवढं नीट सांगता आलं तरी समोरचा माणूस तुमचं पुढचं बोलणं मन लावून ऐकतो.

आता फटका मध्य किती चुकतो, हे कॅटलॉग सांगत नाही, फेस सांगतो. औषधाच्या दुकानात पायांसाठी पावडरचा स्प्रे मिळतो. त्याचा पातळ पांढरा थर फेसवर मारा आणि पाच चेंडू मारायला सांगा. प्रत्येक चेंडूचा गोल डाग उमटतो. काकांचे डाग मी दुसऱ्या दिवशी बघितले. चार डाग हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, आणि एक खाली. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, थोडा फुगीर असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हीलला बसला की उजवीकडे वळणारी फिरकी घेतो. झुडपांत जाणाऱ्या चेंडूंचं निम्मं कारण तिथेच दिसलं. उरलेलं कारण लॉफ्ट आणि शाफ्ट.

त्यांना १२ अंशांचा लॉफ्ट, हलका आणि मऊ शाफ्ट दिला, तोही नेहमीपेक्षा इंचभर आखूड. शाफ्ट आखूड झाला की वेग थोडा जातो, पण डाग मध्याकडे सरकतात, आणि माझ्या मते हौशी खेळाडूसाठी हा सौदा जवळजवळ नेहमीच फायद्याचा. ड्रायव्हर आदल्या वर्षीचा होता. काकांचा तिसरा चेंडू उंच चढून सरळ गेला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या आमच्या जुन्या कॅडीबाबांनी नुसती मान हलवली.

शाफ्टवरच्या आर, एस या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचा 'स्टिफ' दुसरीच्या 'रेग्युलर'सारखा वाटू शकतो. हातात देऊनच बघायचं. होझल, म्हणजे शाफ्ट हेडला जोडणारा भाग, फिरवून लॉफ्ट वाढवला की हेड जमिनीवर ठेवताना फेस किंचित डावीकडे बंद होतो, हेही लक्षात असू द्या. आणि होझलचा स्क्रू नेहमी त्याच्या टॉर्क पान्यानेच आवळा, टक् आवाज आला की थांबा. साध्या पान्याने आवळून आटे गेलेलं हेड मी पाहिलंय.

गोव्यातल्या हवेचा हिशोब वेगळा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. सकाळी छान उडालेला जास्त स्पिनचा चेंडू समोरच्या वाऱ्यात फुगा होऊन वरच राहतो. म्हणून पाहुण्याला जमलं तर दोन्ही वेळी मारून बघायला सांगा. पावसाळ्यात जमीन मऊ, चेंडू घरंगळत नाही. तेव्हा हवेतलं अंतरच काय ते खरं. घाम आणि खारी हवा यांनी ग्रिप, म्हणजे मुठीतलं रबरी आवरण, लवकर गुळगुळीत होते. निसटेल या भीतीने माणूस मूठ आवळतो, स्विंग आखडतो आणि दोष ड्रायव्हरला देतो. कित्येकदा नव्या ड्रायव्हरऐवजी नवी ग्रिप पुरते. हे सांगायला कचरू नका, विक्री बुडाली तरी.

गोव्यात मैदानं मोजकी, काणकोणला राजबाग किनाऱ्यालगत नऊ होलचं आहे तसं. त्यामुळे जागाही थोड्या. रेंजवर चेंडू गोळा करण्याचं काम मिळालं तरी घ्या. दिवसाला शंभर स्विंग फुकट बघायला मिळतात. कोच व्हायचं असेल तर इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकादमीचे अभ्यासक्रम आहेत. फिटिंगकडे, म्हणजे खेळाडूला साजेसा क्लब जुळवून देण्याच्या कामाकडे, वळायचं असेल तर पहिलं कौशल्य ग्रिप बदलणं. आकडीच्या सुरीने जुनी ग्रिप उभी चिरायची, सुरीचं पातं स्वतःपासून लांब. शाफ्टवरचा जुना टेप खरवडायचा, नवा दुहेरी टेप लावायचा, ग्रिपमध्ये सॉल्व्हंट ओतून तोंड बोटाने दाबून हलवायचं, तेच टेपवर सोडायचं आणि एका दमात ग्रिप सरकवायची. मध्ये थांबलात तर तिथेच चिकटते. जून ते सप्टेंबर पाहुणे कमी असतात. दुकानातल्या टाकाऊ क्लबांवर तेव्हा हात बसवून घ्या.