रामदेवरावाच्या काळातला शिलालेख कसा वाचायचा

गावच्या देवळात, पाराशेजारी किंवा वेशीत अक्षरं कोरलेला दगड असेल तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं पडतं तेव्हाच खाचांत सावली धरते. भर दुपारी तोच दगड कोरा दिसतो. आत अंधार असेल तर बॅटरी समोरून न मारता दगडालगत बाजूला धरा आणि सावकाश फिरवा. मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हापासून हे दगड वाचतेय. पोरांना पहिली ताकीद हीच असायची: खडू, पीठ, तेल काहीही लावायचं नाही. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

आधी ‘स्वस्ति श्री’ शोधा. त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा ‘सकु’ किंवा ‘शके’ येतं आणि मग आकडा. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. देवगिरीचा रामचंद्रदेव, म्हणजे आपला रामदेवराव यादव, १२७१ मध्ये गादीवर आला आणि १३११ च्या सुमारास वारला. म्हणजे आपला शक साधारण ११९३ ते १२३३ मधला हवा.

आकडा झिजलेला असेल तर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं नाव मदतीला येतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा लेख घ्या. शके ११९५ मध्ये १२ मिळवले की १२०७, बाकी ७. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापति, अंगिरा, श्रीमुख. दगडावर श्रीमुखच आहे! हा ताळा पहिल्यांदा जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एखाद्या लेखात एका वर्षाचा फरक पडला तर लगेच खोटा ठरवू नका. काही ठिकाणी सरलेलं वर्ष मोजलेलं असतं, काही ठिकाणी चालू.

आता राजाचं नाव. इथे बहुतेक जण अडतात, कारण शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि एकाराची मात्रा डोक्यावर नसते. ती अक्षराच्या आधी उभ्या कान्यासारखी असते. हिला पडीमात्रा म्हणतात. त्यामुळे ‘चंद्रदेव’ हे ‘चंद्रादव’ असं दिसतं. काना अर्थाला बसत नसेल तर तो पुढच्या अक्षराला द्या, शब्द उलगडतो. नावाच्या मागे ‘प्रौढप्रतापचक्रवर्ती’ हे बिरुद दिसलं तर राजा यादवांपैकी आहे असं समजून पुढे वाचा.

पुढे अधिकाऱ्यांची नावं, मग दान. गद्याण, दाम, आसू ही नाणी. पंढरीच्या त्या शिळेवर शके ११९५ ते ११९९ मधल्या देणगीदारांची यादी आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटावं म्हणून भाविक तिला पाठ घासत आले, आणि अक्षरं झिजली. मला त्यांचा राग येत नाही. पण म्हणूनच आज जे दिसतंय ते आजच टिपून ठेवा.

काही दानलेखांत चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावं. खाली गाढव आणि बाई कोरलेली असेल तर तो गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. लाजेपोटी पोरांपासून लपवू नका, अर्थ नीट सांगा.

वेळापूरला शके १२२२ चा, म्हणजे १३०० चा लेख आहे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची. चार वर्षांनीही दगडावर राजा रामचंद्रदेवच. तेव्हा तारीख वाचली की त्या साली देवगिरीवर काय चाललं होतं ते शेजारी लिहून ठेवा.

फोटो ओळीओळीचा वेगळा काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि निघण्यापूर्वी गुरवाला, पंचांना बोलावून वाचून दाखवा. एका गावात मी हे केलं नाही. पुढच्या वर्षी जीर्णोद्धारात त्या दगडावर ऑइलपेंटचे दोन हात बसले होते. आता मी फोटो त्यांच्याही मोबाइलवर पाठवते.