मेंदी लावताय? आधी कोनाचा वास घ्या

मावसबहिणीच्या लग्नात बाजारातून घाईघाईत आणलेले कोन लावले, तासाभरात हात काळेकुट्ट, सगळ्या खूश! तिसऱ्या दिवशी बहिणीच्या हातावर डिझाईन होतं तिथेच बरोब्बर फोड. म्हणजे वेलबुट्टी पाण्याच्या फोडांची, बघवत नव्हतं.

तर आधी हे डोक्यात बसवा, खरी मेंदी काळी नसते आणि घाईतही नसते. तिच्या पानात लॉसोन नावाचं केशरी द्रव्य असतं, जेमतेम एक-दोन टक्के, ते कातडीतल्या केराटिनला चिकटतं आणि हवा लागून हळूहळू गडद होतं, म्हणून पापुद्रा काढल्यावर हात आधी संत्र्यासारखा दिसतो आणि मग एक-दोन दिवसांनी विटकरी. तासात काळं झालं म्हणजे त्यात बहुतेक पीपीडी, म्हणजे हेअर डायमधलं केमिकल.

घरी करायची तर नुसत्या पानांची पावडर घ्या (राजस्थानातल्या सोजतची मिळाली तर उत्तम), लिंबाच्या रसात दह्याइतकी घट्ट भिजवा, झाकून रात्रभर ठेवा, वर तपकिरी साय आली की तयार. तळहातावर ठिपका देऊन दहा मिनिटांनी पुसा, केशरी डाग पडला म्हणजे रंग सुटला. रॉकेल-पेट्रोल घालणारे लोक आहेत, प्लीज नका घालू. कोनाला पाल्यासारखा वास हवा, पेट्रोलसारखा आला तर सरळ फेका. नवीन ब्रँड असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस थांबा, कारण ॲलर्जी उशिरा उठते.

आता औषध म्हणून. भातलावणीत पायाला चिखल्या झाल्या की आज्जी पाला वाटून बोटांच्या बेचक्यात भरायची, आणि ते अगदीच खुळचट नाही, लॅबमध्ये लॉसोन काही बुरशी आणि बॅक्टेरियांची वाढ रोखतं हे दिसलंय. पण लॅबमधली बशी वेगळी आणि आपला पाय वेगळा! कातडी फाटली असेल, पू असेल किंवा शुगर असेल तर मेंदी नको, डॉक्टर गाठा. पोटात तर घ्यायचीच नाही, कोणी काढा सांगितला तरी.

आणि तान्ह्या बाळाला बारशाला हौस म्हणून अजिबात लावू नका. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॉसोनने फुटतात, कावीळ होते, जीवावरही बेतू शकतं, आणि ती कमतरता वरून दिसत नाही. घरात कोणाला असेल तर मोठ्यांनीही लांब राहा.

जळजळ झाली तर लगेच गार पाण्याने धुवा, घासू नका, फोड आले तर स्किनवाल्या डॉक्टरकडे जा आणि पाकीट सोबत न्या. पीपीडीची ॲलर्जी एकदा लागली की सहसा जन्मभर राहते, त्यामुळे पुढे केसांना डाय लावायच्या आधीही सांगावं लागतं. पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलेलं असलं तरी आत डायच असू शकतो. बहीण आता केसांना साधी मेंदीच लावते, डोकं केशरी दिसतं म्हणून भाचरं चिडवतात तिला.