पहिलारू म्हशीला धारेची सवय लावताना

म्हशीच्या कासेत दूध असतं, पण हाताला लागेल अशा जागी नसतं. सडावरच्या पोकळीत जेमतेम विसावा हिस्सा उतरलेला असतो, बाकीचं वर बारीक पिशव्यांत अडकलेलं. रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आलं, म्हणजे पान्हा फुटला, की ते खाली येतं. घाबरलेल्या म्हशीला तो फुटत नाही. निपाणी-चिकोडीकडे 'पान्हा चोरते' म्हणतात त्या पहिलारूला, म्हणजे पहिल्या वेताच्या म्हशीला, बहुतेक वेळा भीती वाटत असते, नाहीतर दुखत असतं.

सुरुवात व्यायच्या दीड-दोन महिने आधी करा. आंबोण (पेंड-भुशाचं खाणं) पुढ्यात ठेवलं की पाठीवरून हात फिरवायचा. आठवड्याने पोटाखाली, मग कासेवर आणि मागच्या पायांवर, रोज पाच मिनिटं. सड पिळायचे नाहीत, तोंडाचं बूच निघालं की जंतू आत शिरतात. ती पाय झाडेल. तेव्हाच हात काढलात तर ती एवढंच शिकते, की पाय झाडला की हात जातो. लाथाळ म्हशी इथेच घडतात. हात हलका ठेवून थांबा, पाय स्थिरावला की मगच काढा.

व्याल्यावर ठरलेला क्रम मोडू नका. दोन धारांमध्ये शक्यतो १२ तास. किलोभर आंबोण, तेही दिवसाच्या वाट्यातलंच. कोमट पाण्याने कास धुवून पुसायची, मिनिटभर चोळायची, मग अर्धा मिनिट रेडकू लावायचं. सड भरून ताठ झाले की पान्हा आला. कुणाला दोन मिनिटं लागतात, कुणाला जास्त. तो फार वेळ टिकत नाही, म्हणून ५-७ मिनिटांत धार संपवा. मूठ वळून काढा. अंगठा दुमडून ओढलं की सड दुखावतो. शांत म्हैस अचानक लाथ मारू लागली तर आधी कास बघा: गरम, कडक, दुधात गुठळ्या असतील तर डॉक्टरांना बोलवा.

सगळी भिस्त रेडकावर ठेवू नका, ते दगावलं तर म्हैस आटते. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचं दूध भांड्यातून पाजा. धारेच्या वेळी आधी नुसतं जवळ बांधा, मग नजरेआड. एका वेळी एकच बदल.

बाजारातून आणलेल्या म्हशीबाबत विकणाऱ्याला धारेची वेळ, आंबोण आणि हाक विचारून घ्या. कन्नड घरात वाढलेली 'बा, बा' ओळखते; 'ये, ये' तिला नवं असतं.

दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी म्हशी सजवून पळवतात, फटाकेही असतात. त्या संध्याकाळी पहिलारू बिचकली तर अर्धा तास जाऊ द्या, ओरडू नका. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा मोह तर नकोच: त्याची सवय लागली की म्हैस साध्या हाताला पान्हावत नाही.

धार काढणारा बदलायचा असेल तर चार-पाच दिवस नव्या माणसाने आंबोण घालावं, धार जुन्यानेच काढावी. मग अदलाबदल करा.