फसव्या मुलाखतींच्या कामात उतरण्यापूर्वी

खोट्या बहाण्याने प्रसिद्ध व्यक्तींना कॅमेऱ्यासमोर बसवणाऱ्या विनोदी कार्यक्रमांत काम करण्याची इच्छा असलेले मराठी विद्यार्थी लंडनला आले की अधूनमधून मला भेटतात. साशा बॅरन कोहेन आणि क्रिस मॉरिस या अशा कार्यक्रमांतल्या ब्रिटिश विनोदकारांचे काम त्यांनी बारकाईने पाहिलेले असते, त्यामुळे तो इतिहास मी त्यांना सांगत बसत नाही. मात्र या कामाचे मर्म नटाच्या धिटाईत आहे, ही त्यांची समजूत मला पहिल्याच भेटीत मोडून काढावी लागते. नट त्या पाहुण्यासमोर फार तर तासभर बसतो. त्याआधीचे अनेक आठवडे पत्रे पाठवणारा आणि फोन करणारा रीसर्चर बहुधा नवखा असतो आणि खोटे बोलण्याचे खरे काम त्याच्याच वाट्याला येते. हे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि ते मला आजही जड जाते.

प्रश्न लिहिण्याविषयी माझे मत ठाम आहे: चांगल्या फसव्या प्रश्नात पाहुण्याला थांबण्याची जागा असलीच पाहिजे. चॅनेल ४ वर १९९७ साली प्रसारित झालेल्या मॉरिस यांच्या ‘ब्रास आय’मध्ये ‘केक’ नावाचे अस्तित्वातच नसलेले अमली द्रव्य दाखवले होते आणि भली मोठी पिवळी गोळी समोर धरून नामवंतांनी त्याविरुद्ध कळकळीचे इशारे दिले होते. खासदार डेव्हिड एमेस यांनी तर त्याविषयी संसदेत प्रश्न विचारला. एखाद्या डॉक्टरला एक फोन केला असता, तर यांपैकी प्रत्येक जण वाचला असता. ज्येष्ठ ब्रिटिश राजकारणी टोनी बेन हे अली जीच्या, म्हणजे बॅरन कोहेन यांनी वठवलेल्या पात्राच्या, मुलाखतीत नेमके असे थांबले. समोरचा तरुण स्त्रियांविषयी आणि बेकारांविषयी बोलला ते त्यांना पटले नाही आणि त्यांनी त्याला तिथेच गंभीरपणे सुनावले. त्या मुलाखतीतून त्यांची प्रतिष्ठा वाढली. ज्या प्रश्नातून बेन यांच्यासारखा माणूस ताठ मानेने बाहेर पडू शकत नाही, तो प्रश्न खोडून टाका.

आता ज्या सापळ्यात मी सापडलो, त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल कोणीही आधी सावध करत नाही. तुम्ही नेत्याला फसवता असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात तुम्ही फसवता ते त्याच्या सचिवाला. माझ्या एका कामात एका ज्येष्ठ राजकारण्याच्या सचिव बाई आमच्या बनावट माहितीपटासाठी माझ्याशी नियमितपणे फोनवर बोलत असत. गाडी कुठे लावायची, चहात दूध नको, आणि साहेबांचा गुडघा दुखतो म्हणून खुर्ची फार खोल असू नये, हे सारे त्यांनी आपुलकीने सांगितले आणि मी ते टिपून घेतले. कार्यक्रम प्रसारित झाला, साहेब हसण्यावारी नेऊन मोकळे झाले, पण ही भेट डायरीत आलीच कशी याचा जाब बाईंना द्यावा लागला. त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले की, खुर्चीच्या गोष्टीवरही आम्ही हसलो होतो का. आम्ही हसलो नव्हतो, आणि तसे मी त्यांना सांगितले; पण त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

नियम या दोघांत फरक करतात, हे नीट समजून घ्या. ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेच्या प्रसारण संहितेतील ७.१४ या कलमानुसार मनोरंजनासाठी फसवून मिळवलेले चित्रण दाखवायचे असेल, तर ओळखू येणाऱ्या व्यक्तीची प्रसारणापूर्वी संमती घ्यावी लागते. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींना यातून वगळलेले आहे, परंतु त्यांचीही अकारण विटंबना किंवा मनस्ताप होणार असेल, तर सार्वजनिक हिताचे कारण दाखवावे लागते. सचिव ही सार्वजनिक व्यक्ती नव्हे. म्हणून तिचा आवाज, नाव, टेबल, हस्ताक्षर यांपैकी काहीही पडद्यावर येता कामा नये. फोनवर काय बोललात ते तारखेसह लिहून ठेवा आणि वकिलांनी मान्य केलेल्या बहाण्याबाहेर एकही नवे खोटे वाक्य बोलू नका, मग संभाषण कितीही जिव्हाळ्याचे होवो. आणखी एक गोष्ट उलटी वाटेल, पण ती खरी आहे: बनावट कंपनीची कागदपत्रे, पत्ता आणि संकेतस्थळ जितके चोख, तितकी सचिव अधिक सुरक्षित, कारण मग तिला आपल्या वरिष्ठांना सांगता येते की तिने सर्व पडताळले होते.

संमतीपत्रावर विसंबून राहू नका. अलाबामाचे माजी मुख्य न्यायाधीश रॉय मूर यांना २०१८ साली पुरस्काराचे निमित्त सांगून बॅरन कोहेन यांच्या कार्यक्रमात बोलावले गेले होते. त्यांनी करारातील काही शब्द खोडून सही केली आणि नंतर साडेनऊ कोटी डॉलरचा दावा लावला. तो दावा फेटाळला गेला आणि २०२२ साली अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला, कारण बदनामी व फसवणुकीचे दावे त्यांनी सहीनिशी सोडले होते. असा कागद कंपनीला वाचवतो. ज्या बाईंनी तो पाहुण्यासमोर सहीसाठी ठेवला, त्यांच्याविषयी त्यात एक ओळही नसते.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना फसवून यूट्यूबसाठी केलेल्या चित्रफिती घेऊन नोकरी मागायला जाऊ नका; दुबळ्याला फसवण्यात कसलेही कौशल्य नाही आणि जाणता निर्माता ते लगेच ओळखतो. ‘आधी शूट करा, परवानगीचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या अनुभवी माणसांपासूनही लांब राहा. मला खरे शिकवले ते कार्यक्रमाची संहिता ओळीओळीने तपासणाऱ्या वकिलांनी. आपल्या इंग्रजी उच्चारांची मात्र मुळीच काळजी करू नका. समोरच्या कार्यालयाला तारीख, वेळ आणि ठिकाण स्पष्ट हवे असते, आणि ते तुम्ही देऊ शकता.

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही जरूर विचारा: प्रसारणाच्या आदल्या दिवशी पाहुण्याच्या कार्यालयात फोन कोण करणार, आणि सचिवाचा दोष नव्हता असे पत्र कोणाच्या सहीने जाणार? नाव सांगितले गेले तर काम स्वीकारा. ‘ते तेव्हा बघू’ असे उत्तर आले, तर तो फोन तुम्हालाच करावा लागेल असे समजा, आणि पत्राच्या मसुद्यावर निर्मात्याची सही रुजू होण्यापूर्वीच मागून घ्या.