फाटक उघडलं की लगेच गाडी घुसवताय? रेल्वे क्रॉसिंगवरच्या या चुका टाळा

फाटकावरच्या अपघाताचा विषय निघाला की दांड्याखालून वाकून मोटारसायकल काढणारा आठवतो. चूक आहेच ती, शिवाय गुन्हाही. रेल्वे कायद्याच्या कलम 160 नुसार बंद फाटक परस्पर उघडलं तर 3 वर्षांपर्यंत आणि तोडलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला जास्त धास्ती वाटते ती फाटक उघडल्यानंतर होणाऱ्या चुकांची, कारण त्यांना कुणी चूक मानतच नाही.

समोरच्याची बाजू अडवणं

फाटक पडलं की आधी चारचाक्या ओळीत लागतात. मग दुचाक्या मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात. मग एखादा शहाणा जीप काढून थेट उजव्या बाजूला नेऊन लावतो आणि त्याच्यामागे आणखी चारजण. पलीकडेही हेच चाललेलं असतं. दांडा वर गेला की दोन्हीकडचे ऐन रुळांवर समोरासमोर अडकतात, आणि मागच्यांचे हॉर्न सुरू झाल्यावर मागे घ्यायलाही जागा उरत नाही.

ज्या फाटकावर इंटरलॉकिंग आहे तिथे दांडे बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय रेल्वेला सिग्नल मिळत नाही. त्यामुळे कोंडी झाली तर रेल्वे अलीकडेच थांबते. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकापायी लोकल कशा रखडत आल्या, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशांना सांगायला नको. इंटरलॉकिंग नसेल तिथे मात्र सगळी भिस्त गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्या फोनवर. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या सेम्मनकुप्पमचं फाटक असंच बिनइंटरलॉकिंगचं होतं. 8 जुलै 2025 ला सकाळी तिथे रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन मुलं गेली. म्हणून फाटक उघडं दिसलं तरी काच खाली करा, गाणी बंद करा आणि दोन्हीकडे बघा. रुळांपलीकडे आपली अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत जागचे हलू नका. मागचा बोंबलला तर बोंबलू द्या.

दुसऱ्या ट्रॉलीचा विसर पडणं

गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर पलीकडे पोचतो तेव्हा मागची ट्रॉली रुळांवरच असते. त्यात फाटकाशी बहुतेक ठिकाणी चढ. जास्त भरलेल्या ट्रॉलीच्या ओढीने ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, हिसका बसतो आणि ट्रॉली जोडणारी झिजलेली पिन नेमकी तिथेच दगा देते. चढाच्या अलीकडे थांबून पिन आणि साखळी हाताने तपासा, पहिल्या गिअरमध्ये निघा आणि रूळ पार होईपर्यंत गिअर बदलू नका.

ट्रॉलीत माणसं तर भरूच नका. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ मानवरहित फाटकावर वऱ्हाडाच्या ट्रॉलीला रेल्वेने उडवलं, त्यात पन्नासहून अधिक माणसं गेली. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली, पण वऱ्हाडं अजूनही ट्रॉलीतून जातातच.

‘गेली एकदाची’ म्हणून निघणं

दुहेरी मार्गावर ही चूक बहुतेक पायी चालणारे करतात. पहिल्या गाडीच्या धडधडीत दुसरीची शिट्टी बुडते आणि डब्यांआड ती दिसतही नाही. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 30 मीटर. लांबवर दिसणारी गाडी अर्धा किलोमीटर सतरा सेकंदांत कापते. लोको पायलटने तुम्हाला पाहून ब्रेक लावला तरी ती थांबायला किलोमीटरभर लागू शकतं. रुळांकडेच्या ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेल्या पाटीपासून तो शिट्टी वाजवतो, ती ऐकायला कान मोकळे हवेत.

वर न बघणं

रुळांवरच्या विजेच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तारेला हात लागायलाच हवा असं नाही, 2 मीटरच्या आत गेलात तरी धोका. कडब्याच्या ट्रकवर बसलेला माणूस, मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर चढून झेंडा फिरवणारा कार्यकर्ता, सगळ्यांना हेच लागू. फाटकाआधीची लोखंडी कमान त्यासाठीच असते. तिच्याखालून माल जात नसेल तर दुसरा रस्ता धरा.

गाडी रुळांवर बंद पडली तर

स्टार्टर मारत बसू नका. आधी सगळ्यांना उतरवून रुळांपासून लांब न्या. गेटमनला हाक मारा, त्याच्याकडे फोन, लाल झेंडी आणि रुळांवर लावायचे फटाके असतात. तो नसेल तर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकाला फोन लावा. रेल्वे दिसत नसेल आणि गेटमनने हो म्हटलं, तरच गाडी न्यूट्रलला टाकून ढकला.

रेल्वे दिसली तर गाडीची आशा सोडा. रुळांपासून बाजूला होत, ती जिकडून येतेय तिकडेच तिरकं पळा. उलट्या बाजूला पळालात तर धडकेने उडालेले तुकडे तुमच्याच अंगावर येतील. पळताना लाल कापड असेल तर ते, रात्री टॉर्च, जोरजोरात हलवत राहा, पण रुळांच्या कडेने, मधून नव्हे.

गाडी सुखरूप निघाली तरी तसेच सटकू नका. दांड्याला धक्का लागला का, पिन किंवा पाना रुळांच्या फटीत राहिला का, हे गेटमनला दाखवून मगच निघा. पुढची रेल्वे सोडायची की नाही हे त्याला त्यावरूनच सांगायचं असतं.