बॉटचा लूप समजावताना ऑफसेटची ओळ सोडू नका

टेलिग्राम बॉटसाठी लायब्ररी लिहिली असेल तर रीडमीमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) मेसेज वाचणारा साधा लूप अख्खा द्या. टोकन (बॉटची गुप्त किल्ली) टाकलं की चालला पाहिजे. ‘उरलेला कोड इथे’ अशी ठिगळं नकोत.

सगळ्यात जास्त शब्द ऑफसेटवर, म्हणजे कुठल्या अपडेटपासून पुढचं हवं ते सांगणाऱ्या आकड्यावर, खर्च करा. ‘गेटअपडेट्स’ला (नवे मेसेज, म्हणजे अपडेट, मागवणाऱ्या रिक्वेस्टला) पुढच्या वेळी शेवटच्या अपडेटचा आयडी अधिक १ पाठवायचा, सर्व्हरसाठी तीच पोचपावती. आयडी ८४१ आला तर ऑफसेट ८४२. हा १ मिळवायचा राहिला की बॉट एकाच ‘नमस्कार’ला पुन्हा पुन्हा उत्तर देत सुटतो. ऑफसेट कधी वाढवता तेही लिहा. मेसेज हाताळण्याआधी वाढवला आणि एरर गिळली, तर तो मेसेज हुकतो. नंतर वाढवायचं ठेवलं, तर एकच बिघडलेला मेसेज लूपला तिथंच अडकवून ठेवतो. नवशिक्यांसाठी आधी वाढवणंच बरं. एरर मात्र लॉगमध्ये जाऊ द्या.

‘गेटअपडेट्स’चा टाइमआउट, म्हणजे नवा मेसेज नसेल तर सर्व्हरनं किती सेकंद वाट पाहायची ते, दिला नाही तर तो ० धरला जातो आणि लूप सर्व्हरवर विनाकारण रिक्वेस्टचा मारा करतो. उदाहरणात ३० सेकंद ठेवा, आणि एचटीटीपी क्लायंटचा टाइमआउट त्याहून मोठा, समजा ४०. तो छोटा असेल तर कनेक्शन दरवेळी मध्येच तुटतं.

४०९ एररला वेगळा परिच्छेद द्या: बॉटची दुसरी प्रत कुठंतरी चालू आहे, किंवा जुना वेबहुक (सर्व्हर स्वतःहून मेसेज पाठवतो तो पत्ता) काढायचा राहिलाय. न उचललेले अपडेट सर्व्हरवर जास्तीत जास्त २४ तास राहतात, एवढं एका ओळीत पुरे.