सिबिल बिघडवणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात घराच्या कर्जाच्या फायली करून देणं हे माझं रोजचं काम. बेसा, मानेवाडा, वाठोडा, कुठेही फ्लॅट आवडला की लोक आधी बिल्डरला टोकन देतात आणि मग सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट आणि स्कोअर, काढायला येतात. क्रम नेमका उलटा हवा. रिपोर्ट आधी, टोकन नंतर. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बँका सहसा फार प्रश्न विचारत नाहीत. पण नुसता आकडा पाहून फोन खिशात टाकू नका. बँक आतली नोंद न् नोंद वाचते.

सगळ्यात जास्त घरं अडलेली मी पाहिली ती ‘सेटलमेंट’पायी. इतवारीत कापडाच्या दुकानात काम करणारा एक जण. क्रेडिट कार्डाचे ५२ हजार थकले होते. वसुलीवाल्याचा फोन आला, “सर, आज वीस भरा, फाइल बंद करून टाकतो.” याने बहिणीकडून उसने घेऊन भरले. काही वर्षांनी बेसा रोडला वन बीएचके ठरवला, एक लाख टोकन दिलं आणि रिपोर्ट काढला तर त्या कार्डासमोर ‘सेटल्ड’. “भाऊ, मी तर सगळं भरून टाकलं होतं,” एवढंच तो म्हणत राहिला. बँकेच्या लेखी त्याने ३२ हजार बुडवले होते. होम लोनची फाइल परत आली. मग कार्डवाल्या बँकेला लेखी अर्ज, उरलेली रक्कम भरणं, नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं प्रमाणपत्र) मिळवणं, नोंद ‘क्लोज्ड’ करून घेणं, यात महिने गेले. तोवर बिल्डरने टोकनमधून पैसे कापून घेतले होते.

म्हणून वसुलीवाला फोनवर काहीही सांगो, ‘सेटलमेंट’ शब्द ऐकला की थांबा. एकरकमी जमत नसेल तर पूर्ण रकमेचे हप्ते पाडून मागा, तेही ईमेलवर. पैसे फेडले की नो ड्यूज घ्या आणि पुढच्या महिन्यात रिपोर्ट काढून ‘क्लोज्ड’ आलं का ते स्वतः बघा. मी नो ड्यूज प्रमाणपत्रं घराच्या कागदपत्रांच्याच फाइलमध्ये ठेवतो.

दुसरी चूक म्हणजे ‘पंधरा दिवसांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देणं. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसेच लागत नाहीत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमचं नसलेलं कर्ज दिसलं तर त्यांच्याच साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीविरुद्ध तक्रार, टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते. एजंटला मोजलेले पैसे मात्र परत येत नाहीत. घाई असलेलीच माणसं यात फसतात.

स्वतःचा स्कोअर बघितल्याने तो कमी होत नाही. एका आठवड्यात पाच ॲपवर कर्जाचा अर्ज टाकल्याने होतो.

कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’ भरलं की हप्ता चुकत नाही, पण उरलेल्यावर व्याज चढत राहतं. लिमिट एक लाख असेल तर मी तीस हजारांच्या पुढे जात नाही. जुनं, वार्षिक फी नसलेलं कार्ड उगाच बंद करू नका.

साळ्याच्या गाडीला जामीन राहिलात? ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. त्याने हप्ते थकवले की डाग तुम्हालाही लागतो. नात्याचं दडपण मला कळतं, तरी सही करण्याआधी त्याचा रिपोर्ट मागाच.

हप्ता बाउन्स होण्याचं कारण दर वेळी पैसे नसणं हे नसतं. पाच तारखेचा हप्ता असतो आणि चार तारखेला त्याच खात्यातून यूपीआयने किराणा भरलेला असतो. माझं हप्त्याचं खातं वेगळं आहे, त्यात एक हप्ता कायम जास्तीचा पडून असतो आणि त्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही.

मिहानमध्ये नवी नोकरी लागलेली पोरं येतात, स्कोअरच्या जागी वजा १ असतो. म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही. त्यांना उद्याच्या उद्या ७५० हवा असतो, म्हणून गरज नसताना ॲपवरून दहा हजारांचं कर्ज उचलतात. तसं करू नका. एफडीवर मिळणारं कार्ड घ्या, पेट्रोल आणि रिचार्ज त्यावर करा, पूर्ण बिल तारखेआधी भरा. साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसू लागतो. फ्लॅट बघायला त्यानंतर निघा.